साताऱ्यात राहून पहिली हाफ मॅरेथॉन: कधीच न पळालेल्यांसाठी

हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. आपल्याकडे हा आकडा घरोघरी पोचला तो सातारा हिल हाफ मॅरेथॉनमुळे. २०१२ पासून ही स्पर्धा होते. पावसाळा सरता सरता, सप्टेंबरच्या आसपासच्या एका रविवारी, शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कास रस्त्यावर पुढे जाऊन मागे फिरायचं आणि तोच घाट उतरून परत शहरात यायचं. कडेला उभं राहून टाळ्या वाजवताना पुष्कळांच्या मनात येतं की आपणही पळावं, आणि लगेच दुसरा विचार येतो की शाळा सुटल्यापासून कधी पळालो नाही, आता काय जमणार? जमतं. मी चाळिशीत सुरुवात केली. नोकरी, घर, स्वयंपाक सांभाळून ती पूर्ण केली. तुम्हालाही जमेल, फक्त घाई करायची नाही.

घाई का नाही, हे आधी समजून घ्या, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावरच उभी आहे. शरीरातलं सगळं एकाच वेगानं बदलत नाही. नियमित पळायला लागलात की सहा-आठ आठवड्यांत दम वाढलेला जाणवतो. स्नायू त्याच्या मागून येतात. कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या) आणि हाडं मात्र कितीतरी महिने घेतात. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात 'आता दम लागत नाही, अंतर वाढवू या' असं वाटतं, आणि नेमकी तेव्हाच नडगी, टाच किंवा गुडघा धरतो. नवीन माणसं गळतात ती बहुतेक इथंच. म्हणून मार्चमध्ये सुरुवात करा. सप्टेंबरपर्यंत मिळणारे सहा महिने पायांसाठी आहेत.

१. आधी डॉक्टर

वय पस्तीस-चाळीसच्या पुढे असेल, बीपी किंवा साखर असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर तपासणी केल्याशिवाय पळायला जाऊ नका. डॉक्टरांना 'व्यायाम सुरू करतोय' एवढंच सांगू नका. 'मला घाटात २१ किलोमीटर पळायचं आहे' असं स्पष्ट सांगा, म्हणजे ईसीजी, टू-डी इको, स्ट्रेस टेस्ट यांतलं काय लागेल ते ते ठरवतील. बायकांनी हिमोग्लोबिन नक्की बघून घ्यावं. ते कमी असलं की कितीही सराव केला तरी दम लागत राहतो, आणि आपण उगाच स्वतःला आळशी ठरवतो.

पळताना छातीत दाब, डावा हात किंवा जबडा दुखणं, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही झालं तर तिथंच थांबायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

२. सामान

यादी छोटी आहे:

- पळण्याचे बूट
- घाम आणि पाऊस पटकन सुकेल असे दोन टी-शर्ट, शॉर्ट्स किंवा टाइट्स (सुती नकोत, भिजले की जड होतात आणि घासतात)
- बायकांसाठी पळण्यासाठीच बनवलेली, घट्ट बसणारी स्पोर्ट्स ब्रा
- सुती नसलेले मोजे, निदान तीन जोड
- पेट्रोलियम जेली
- रात्री चमकणारी पट्टी असलेलं जाकीट आणि छोटी हेडटॉर्च
- फोनमधलं अंतर मोजणारं कुठलंही ॲप

महागडं घड्याळ पहिल्या वर्षी लागत नाही. पैसे बुटांवर घाला. दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात आणि पळतानाही तसेच होतात. पळायचे मोजे घालूनच बूट घालून बघा. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या नखाएवढी जागा उरली पाहिजे. घाट उतरताना बोटं पुढे सरकून बुटाला आपटतात, म्हणून आपल्याला ही जागा सपाटीवर पळणाऱ्यांपेक्षा जास्त लागते. ती नसेल तर नखं काळी पडतात. मागची टाच मात्र हलता कामा नये. नवे बूट शर्यतीच्या आठवड्यात घेऊ नका. निदान महिनाभर आधी घ्या आणि वापरून मऊ करा.

साताऱ्यात जून ते ऑगस्ट बूट सुकत नाहीत. जमलं तर दोन जोड फिरते ठेवा. नाही जमलं तर आतला सोल काढून बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी बदला. उन्हात किंवा शेगडीजवळ सुकवू नका, तळाचा गोंद सुटतो.

३. नोंदणी आणि कागदपत्रं

नोंदणी स्पर्धेच्या कितीतरी महिने आधी ऑनलाइन उघडते आणि जागा लवकर भरतात. 'आधी सराव होऊ दे, मग बघू' म्हणणाऱ्यांचं वर्ष हुकतं. तारखेवर नजर ठेवा आणि हे हाताशी ठेवा:

- आधार किंवा दुसरं फोटो ओळखपत्र (नाव आणि जन्मतारीख फॉर्मवर तशीच भरायची)
- चालू ईमेल आणि मोबाइल नंबर
- रक्तगट
- अडचणीत कळवायच्या माणसाचं नाव आणि नंबर. तो माणूस तुमच्याबरोबर पळणारा नसावा
- टी-शर्टचं माप
- ऑनलाइन पैसे भरण्याची सोय

फॉर्मबरोबर स्वतःच्या प्रकृतीचं हमीपत्र असतं. ते न वाचता खूण करू नका. कट-ऑफची, म्हणजे शर्यत पूर्ण करायच्या मुदतीची, वेळ नियमांतच दिलेली असते, ती लिहून ठेवा. किलोमीटरला सरासरी ८ मिनिटं लागली तर २१ किलोमीटरला साधारण २ तास ४९ मिनिटं होतात, आणि ९ मिनिटं लागली तर ३ तास १० मिनिटं. ऑगस्टमधल्या तुमच्या लांब पळण्याशी हे ताडून बघा.

जागा मिळाली नाही की कुणीतरी 'माझ्या बिबवर (छातीवर लावायच्या नंबरावर) पळ' म्हणतं. पळू नका. वाटेत तुम्हाला काही झालं तर डॉक्टरांच्या हातात दुसऱ्याचं वय, दुसऱ्याचा रक्तगट आणि दुसऱ्याच्या घरचा नंबर असेल.

४. कुठे पळायचं

पहिले दोन महिने शाहू स्टेडियमसारखं मोकळं मैदान उत्तम. माती पायांना बरी, गाड्या नाहीत, आजूबाजूला चालणारी माणसं असतात. नंतर शहरातले रस्ते. आपलं गाव पूर्वेकडून पश्चिमेकडे चढतं. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे आणि तिथून समर्थ मंदिराकडे गेलात तरी चढाचा सराव होतो. पुढे अजिंक्यताऱ्याचा डांबरी रस्ता, तो तर पहाटे फिरणाऱ्यांचा हक्काचाच. यवतेश्वर घाट पाय तयार झाल्यावर. हायवेवर मात्र पळू नका, सर्व्हिस रोडवरही नको.

रस्त्यावर उजव्या बाजूनं, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून पळा. दोन्ही कानांत इअरफोन नकोत. घाटाच्या आंधळ्या वळणावर बाजू बदलावी लागली तरी चालेल, पण गाडीवाल्याला आपण आधीच दिसू अशा ठिकाणी रहा. ऑगस्ट-सप्टेंबरात शनिवार-रविवारी कासची गर्दी सकाळपासून सुरू होते. त्यामुळे साडेपाचला निघून आठच्या आत खाली यायचं. धुकं दाट असेल तर घाट सोडा आणि त्या दिवशी गावात पळा.

कुत्री मागं लागली तर पळत सुटू नका. थांबा, डोळ्यांत न बघता हळू चालत बाजूला व्हा. पहाटे अंधारात बायकांनी दोघी-तिघींनी मिळून जावं, आणि कुठल्या रस्त्यानं जाणार ते घरी सांगून जावं. शहरात पळणाऱ्यांचे गट आहेत. मैदानावर चार दिवस दिसलात की कुणीतरी स्वतःहून बोलावतं, संकोच करू नका.

सांगलीच्या वाचकांची अडचण उलटी आहे. हरिपूर रस्ता काय, विश्रामबाग काय, सगळं सपाट. सुरुवातीला ते फार सोयीचं, पण हिल हाफ करायची असेल तर जुलैपासून पंधरवड्यातून एकदा दंडोबाच्या डोंगराकडे किंवा थेट साताऱ्याला या. सपाटीवरचे २१ किलोमीटर पायात असले तरी घाट उतरायची तयारी त्यातून होत नाही.

५. मार्च-एप्रिल: चाला, मग चालत-पळत

पहिले दोन आठवडे फक्त चाला. आठवड्यातून पाच दिवस, रोज ४० मिनिटं, झपझप.

तिसऱ्या आठवड्यापासून एक दिवसाआड चालत-पळत. १ मिनिट पळा, २ मिनिटं चाला, असं दहा वेळा. दोन आठवड्यांनी २ मिनिटं पळा, २ चाला. मग ३ आणि १. मग ५ आणि १. जेफ गॅलोवे या १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पळालेल्या अमेरिकन धावपटूनं ही पद्धत नवख्यांमध्ये रुजवली. तिच्यातलं चालणं दमल्यावरचं नसतं, दमण्याआधीच ठरवून चालायचं असतं. हे कमीपणाचं नाही. पूर्ण हाफ मॅरेथॉन अशा पद्धतीनं पळणारी हजारो माणसं जगभर आहेत.

वेग किती? शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. 'हो', 'नाही' एवढंच निघत असेल तर वेग जास्त आहे. बहुतेकांना हा वेग लाजिरवाणा हळू वाटतो, चालणारे आजोबा पुढे निघून जातात. जाऊ द्या. या हळू पळण्यातच हृदयाची ताकद आणि स्नायूंमधलं रक्ताभिसरण वाढतं, आणि कंडरांना झेपेल एवढाच भार येतो.

६. मे ते ऑगस्ट: आठवडा कसा मांडायचा

आठवड्यातून चार दिवस पळणं पुरेसं आहे. मंगळवारी आणि गुरुवारी ३० ते ४५ मिनिटं निवांत. शुक्रवारी अगदी हलकं, किंवा जुलैपासून चढाचा सराव. रविवारी लांब पळणं. सोमवारी पूर्ण विश्रांती. बुधवारी आणि शनिवारी वीस मिनिटं ताकदीचा व्यायाम. बैठका, पुढे पाय टाकून गुडघा वाकवणं, एका पायावर उभं राहणं, प्लँक (कोपर आणि चवड्यांवर अंग सरळ धरून राहणं), आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा सावकाश वर-खाली करणं. पोटरी आणि टाचेमागच्या कंडरेसाठी याहून स्वस्त विमा नाही.

रविवारचं अंतर असं वाढवा: मे-जूनमध्ये ५, ६, ७, मग परत ५, ८, ९, १०, मग परत ७. जुलैत ११, १२, १४, मग १०. ऑगस्टमध्ये १५, १६, १८, मग १२. तीन आठवडे चढवायचं आणि चौथ्याला उतरवायचं. तो चौथा आठवडा कधीही गाळू नका, हाडं आणि कंडरा त्याच आठवड्यात सावरतात. २१ पूर्ण सरावात पळायची गरज नाही. १८ झाले की उरलेले शर्यतीच्या दिवशी होतात.

एखादा आठवडा आजारपणात, लग्नात किंवा गणपतीच्या तयारीत गेला तर तो भरून काढायला जाऊ नका. जिथं होता तिथूनच, किंवा एक पायरी खाली उतरून सुरू करा.

७. घाट

हा भाग नीट वाचा, कारण आपली शर्यत वेगळी ठरते ती इथं.

चढताना वेग विसरा. पावलं आखूड टाका, कमरेत वाकू नका, नजर दहा-पंधरा पावलं पुढे ठेवा, हात थोडे जास्त हलवा. वाक्य बोलता येईना की चालायला लागा, पण झपझप. तीव्र चढावर झपझप चालणारा आणि धापा टाकत पळणारा यांच्यात मिनिटांचा फरक फार थोडा पडतो, पायांतल्या ताकदीचा मात्र खूप पडतो.

नवे लोक घाबरतात चढाला. पाय खरे मोडतात उतारावर. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू प्रत्येक पावलाला शरीराचा भार झेलतो, आणि तोही लांबत असताना. त्यात बारीक इजा होतात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. पण शरीराची एक सोय आहे. एकदा असा ताण झेललेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच ताणाला कमी दुखतो. म्हणून जुलैपासून दर दहा-पंधरा दिवसांनी उतार सरावात आलाच पाहिजे. आधी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर एक-दीड किलोमीटर चढा आणि सावकाश पळत उतरा. मग यवतेश्वर घाटात अर्ध्यापर्यंत, मग पूर्ण. शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या दोन आठवडे आधी. त्यानंतर नाही.

उतरण्याची पद्धत शिकावी लागते. मागे रेलून टाचेवर ब्रेक मारत उतरलात की सगळा दणका गुडघ्यात जातो. शरीर उताराला काटकोनात, किंचित पुढे. पावलं आखूड आणि भराभर, पाऊल शरीराच्या खालीच पडलं पाहिजे. गुडघा थोडा वाकलेला. खांदे सैल. पावसात रस्त्याच्या कडेला शेवाळ असतं आणि पांढऱ्या पट्ट्या निसरड्या होतात, दोन्ही टाळा.

८. दुखणं ओळखणं

दोन्ही पाय सारखे दुखतात, पसरट दुखतं, हालचालीनं मोकळं होतं: हे सरावाचं दुखणं, चालू ठेवा, हवं तर वेग कमी करा. एकाच बाजूला दुखतं, एका बोटानं जागा दाखवता येते, हाडावर दाबलं की कळ येते, रात्रीही ठणकतं, किंवा त्यामुळे चाल बदलते: हे थांबण्याचं दुखणं. अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टकडे जा. सकाळी अंथरुणातून पहिलं पाऊल टाकताना टाच चमकत असेल तर महिनाभर सहन करत बसू नका, लवकर दाखवलं तर व्यायामानं बरं होतं.

गोळी खाऊन पळू नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठा कमी होतो. घामानं शरीरातलं पाणी घटलेलं असताना हे धोक्याचं आहे. शिवाय थांबायला सांगणारी कळच दबते.

९. खाणं-पाणी

तासाभराच्या आतल्या पळण्याला आधी अर्धं केळं किंवा नुसतं पाणी पुरतं. लांब पळण्याआधी तासभर एक केळं, किंवा गूळ-शेंगदाण्याचा छोटा लाडू. दीड तासाच्या पुढे पळणार असाल तर दर अर्ध्या तासाला दोन-तीन खजूर किंवा राजगिऱ्याच्या चिक्कीचा तुकडा. पळून आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पोटभर खा: पोहे आणि उकडलेली अंडी, उसळ-भाकरी, दही-भात, घरात जे असेल ते. पळायला लागल्यावर वजन कमी करायचं म्हणून जेवण तोडणाऱ्या अनेक मैत्रिणी मी दुखण्यानं थांबलेल्या पाहिल्या आहेत. या सहा महिन्यांत उपास-डाएट नको.

पाणी तहानेनुसार. प्रत्येक स्टॉलवर दोन-दोन ग्लास नुसतं पाणी पिणं घातक ठरू शकतं, रक्तातलं सोडियम खाली जातं. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळा, ग्लासभर पाण्यात नाही.

आदल्या रात्री वरण-भात, तूप, बटाट्याची भाजी. मिसळ, रस्सा, कच्च्या कोशिंबिरी, बाहेरचं काहीही नको.

१०. शेवटचे दोन आठवडे आणि तो दिवस

अंतर निम्म्यावर आणा. पाय जड वाटतील, मन चुळबुळ करेल, तरी 'एकदा पूर्ण पळून बघू' करू नका. झोपा.

बिब घ्यायला ओळखपत्र आणि नोंदणीचा मेसेज घेऊन वेळेत जा. बिबच्या मागे नाव, आजार, औषधं, घरचा नंबर पेननं लिहा. वेळ मोजणारी चिप बिबच्या मागे चिकटवलेली असेल तर बिब दुमडू नका. स्पर्धेत मिळालेला नवा टी-शर्ट त्या दिवशी घालू नका, सरावातलाच घाला. मांड्या, काख, ब्राच्या पट्ट्यांखाली पेट्रोलियम जेली लावा. पुरुषांनी स्तनाग्रांवर चिकटपट्टी लावा. ओल्या कपड्यांत घासून रक्त येतं.

तासभर आधी पोचा, स्वच्छतागृहाची रांग लांब असते. मागच्या रांगेत उभे रहा. ढोल, टाळ्या, ओळखीचे चेहरे यांत पहिले तीन किलोमीटर पाय आपोआप सुटतात आणि तिथं वाया घालवलेली ताकद घाटात परत मिळत नाही. शहरातला चढ बोलत बोलत चढा. घाटात पहिल्या तीव्र चढापासूनच ठरवून चालणं-पळणं सुरू करा. माथ्यावर वाऱ्यानं अंग गार पडतं, थांबून फोटो काढत बसू नका. उतरताना पहिला किलोमीटर मुद्दाम हळू, मग पायांना विचारून वेग वाढवा. शेवटचे तीन-चार किलोमीटर सगळ्यांनाच जड जातात. तेव्हा परत २ मिनिटं पळा, १ मिनिट चाला यावर या.

रेषा ओलांडल्यावर लगेच बसू नका. दहा मिनिटं चाला, ओले कपडे बदला, काहीतरी खारट आणि गोड खा. घरी स्वतः गाडी चालवत जाणार असाल तर अर्धा तास थांबून, चक्कर नाही ना ते बघून निघा. पुढचे तीन दिवस फक्त चालायचं. आठवड्यानं अर्धा तास हलकं पळा आणि नडगी, टाच, गुडघे बोटानं दाबून तपासा. कुठे कळ आली नाही तरच पुढचा सराव.